फुल स्विंगवाले सुभाषराव

सुभाषराव, तुम्ही गेलात त्या दिवशी दुपारी संपादक साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "आष्टीच्या प्रतिनिधींवर सहाशे शब्द लिहा," म्हणाले. "तुमचं त्यांच्याशी बरं जमायचं." मी जागेवर येऊन पाऊण तासात सहाशे शब्द लिहिले. त्यात 'निर्भीड' तीनदा आलंय, 'लेखणीचा शिलेदार' एकदा, आणि शेवटी ती भरून न येणारी पोकळी. एकही वाक्य खरं नव्हतं आणि एकही कापावं लागलं नाही. तुम्ही ते वाचलं असतंत तर कात्रण काढून खिशातल्या पाकिटात घातलं असतंत आणि तहसीलच्या चहाच्या टपरीवर चार जणांना दाखवलं असतंत.

तो छापायचा मजकूर होता. तो छापून झाला. हे तुम्हाला.

तुम्ही मला आवडत नव्हता, हे आधी सांगून टाकते. चौदा वर्षं मी बीडच्या कचेरीत बसून तुमच्या बातम्या सरळ केल्या. तुम्ही आष्टीहून पाठवायच्या, मी त्यांच्यातला कचरा काढायचा आणि तालुक्याच्या पानावर लावायच्या. तुमची ती स्कूटर, जिच्या नंबरापेक्षा 'प्रेस' मोठं होतं. तुमचे ते फोटो, ज्यांच्यात मंत्री असो की मेलेली म्हैस, कडेला अर्धे तुम्ही असायचाच. कार्यक्रमाला जायच्या आधीच तुमची बातमी लिहून तयार असायची. एकदा तर पाहुणेच आले नाहीत आणि तुमच्या बातमीत त्यांनी मार्गदर्शन केलं. मी फोन केला तर तुम्ही म्हणालात, "आले असते तर त्येच बोलले असते, म्याडम. मी कैकदा ऐकलंय त्येंचं."

आणि तुमचं ते फुल स्विंग.

रस्त्याचं काम फुल स्विंगमध्ये. बंधाऱ्याचं काम फुल स्विंगमध्ये. डासांची फवारणी, मतदारयादीची दुरुस्ती, हरिनाम सप्ताह, जनावरांचं लसीकरण, सगळं फुल स्विंगमध्ये. तुमच्या तालुक्यात एकही गोष्ट नुसती चालू नव्हती. मी रोज ते दोन शब्द कापायची आणि तुम्ही रोज लिहायचा. एका पुढाऱ्याची आई वारली तेव्हा तुमची बातमी आली, 'अंत्यविधीची तयारी फुल स्विंगमध्ये सुरू'. ती मी शेवटच्या मिनिटाला पकडली. मी फोनवर इतकी ओरडले की मशीनवाले येऊन दारात उभे राहिले. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "मंग काय ल्ह्यावं? तयारी तर जोरातच हुती. धा हजार मानसाचं जेवन हुतं."

मी फोन आपटला. नंतर एकटी बसून हसले, ते तुम्हाला कधी कळलं नाही.

हे शब्द तुम्हाला कुठे सापडले ते तुम्हीच एकदा सांगितलं होतं. दिवाळी अंकाच्या कामासाठी सगळे तालुका प्रतिनिधी बीडला आले होते आणि तुम्ही नेहमीप्रमाणे पिशवीभर सीताफळं घेऊन माझ्या टेबलापाशी बसला होता. तुम्ही नवीन असताना कुठल्याशा कालव्यावर गेलात. तिथे एका मोठ्या इंजिनिअरनं तुमच्याशी हात मिळवला आणि इंग्रजीत सांगितलं की काम फुल स्विंगमध्ये आहे. "बारावीला इंग्रजीत नापास झालतो म्याडम मी. आयुष्यात पयल्यांदा कुनी सायेब माझ्यासंगं इंग्रजी बोलला. मी तिथंच तळहातावर लिवून घेतलं." मी म्हटलं, अहो पण ते सगळीकडे कशाला? तर तुम्ही म्हणालात, "काम चालू हाय म्हनलं की लोक हासत्यात. फुल स्विंग म्हनलं की गप बसत्यात."

मला तेव्हा तुमची कीव यायला हवी होती. मला तिरस्कार वाटला. मी मुद्दाम विचारलं, "स्विंग म्हणजे काय माहितेय का तुम्हाला? झोका." तुम्ही एक सीताफळ दाबून पाहिलंत, पिकलेलं निघालं तसं माझ्यापुढे सरकवलंत आणि म्हणालात, "मंग बराबरच हाय. झोका कितीबी जोरात गेला तरी जाग्यावरच ऱ्हातो." आणि तुम्ही हसलासुद्धा नाहीत. त्या दिवशी मला पहिल्यांदा शंका आली की हा माणूस मूर्ख नाही. मग तर तुमचा जास्तच राग आला. मूर्खाला माफ करता येतं.

एक गोष्ट मात्र तुमची मी कायम मानली. मी नवीन लागले तेव्हा जिल्ह्यातले बाकीचे प्रतिनिधी बाईनं बातमी कापली म्हणून साहेबांकडे तक्रारी घेऊन जायचे. एकटे तुम्हीच सगळ्यांसमोर म्हणालात, "कापा म्याडम, बिनधास्त कापा. तुमी कापलेलं लई झ्याक दिसतं." त्या आधारावर मी ते पहिलं वर्ष काढलं. खोटं कशाला बोलू. पण तुम्ही कशाचं कौतुक करत होता, ते मला कळायला फार उशीर लागला.

ते कळलं हिवरखडीला.

हिवरखडीच्या नदीवर पूल होणार होता. त्याचं कंत्राट जिल्ह्यातल्या एका बड्या गुत्तेदाराकडे होतं. भूमिपूजनाची बातमी तुमचीच. मग दर पाच-सहा महिन्यांनी तुम्ही पुलाची बातमी पाठवायचा, आणि पूल कायम फुल स्विंगमध्ये असायचा. एकूण चार बातम्या. चारही मी लावल्या. चारही वेळा मी तुमचं फुल स्विंग कापलं आणि माझं चांगलं मराठी घातलं. एकदा 'वेगाने', एकदा 'जोमाने', एकदा 'काम प्रगतिपथावर', आणि चौथ्यांदा, मला चांगलं आठवतं, 'कामास गती'. मला त्या मथळ्याचा अभिमान वाटला होता. दोन शब्दांत बसलेला मथळा.

त्या उन्हाळ्यात माझ्या आतेबहिणीच्या मुलीचं लग्न आष्टीच्या पुढे होतं. जीपवाला म्हणाला, हिवरखडीवरून गेलं तर जवळ पडेल. नदीपाशी आलो तर त्यानं गाडी रस्त्यावरून खाली वाळूत घातली. मी विचारलं, "पुलावरून का नाही जात?" तो म्हणाला, "कंचा पूल?"

नदीत दोन खांब होते, सुभाषराव. दोन. त्यांच्या डोक्यातून सळया बाहेर आलेल्या आणि गंजलेल्या. एका खांबाच्या सावलीत शेळ्या बसल्या होत्या. काठावर काँक्रीट कालवायचं मशीन उलटं पडलं होतं आणि त्याच्या तोंडात कुणीतरी कडबा भरून ठेवला होता. माणूस एकही नाही.

पलीकडच्या काठावर, जिथे पूल उतरणार होता तिथे, एकच दुकान होतं. निळं शटर, वर रंगवलेली पाटी, किराणा आणि जनरल. आसपास दुसरं घर नाही. गाव सगळं अलीकडच्या काठावर. आम्ही पाणी प्यायला थांबलो. दुकानात एक म्हातारे गृहस्थ बसले होते, कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, धोतर स्वच्छ. त्यांना गावात सगळे अप्पा म्हणतात. माझ्यासोबतच्या मामांनी मोठेपणानं सांगितलं की ही आमची भाची बीडच्या पेपरात असते. अप्पांनी पेपरचं नाव विचारलं. सांगितल्यावर ते उठले, गल्ल्याच्या काचेवरचे बिस्किटाचे पुडे बाजूला केले आणि म्हणाले, "हे बगा."

काचेखाली चार कात्रणं होती. तारखेवार लावलेली.

अप्पांचं दुकान आधी गावात, वेशीजवळ होतं. वडिलांच्या वेळेपासून. पूल झाला की नगरकडची सगळी वाहतूक इकडून जाणार, म्हणून त्यांनी गावातलं दुकान पुतण्याला देऊन टाकलं आणि नदीपलीकडे, पुलाच्या तोंडाशी, हे नवं बांधलं. "मुलगा नको म्हनत हुता," ते म्हणाले. "मी त्याला पेपर दावला. म्हनलं, हे बग, कामास गती. पेपरात आलंय म्हंजी दोन-चार म्हयन्यात व्हईल." पावसाळ्यात नदीला पाणी आलं की गावातलं गिऱ्हाईक पलीकडे येऊ शकत नाही. अप्पा त्या दिवसांत दुकानातच झोपायचे, एकटे. अप्पांची बायको गावात, अप्पा इकडे, मध्ये ते दोन खांब.

हे सगळं त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. मला वाटलं, ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा लावला, चौथं कात्रण काचेवरूनच मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, "हे कुनी लिवलं? तुमी?"

मी म्हटलं, "नाही अप्पा. आमचे आष्टीचे प्रतिनिधी आहेत, त्यांनी."

बघा, किती पटकन म्हणाले मी ते.

लग्नात माझं लक्ष नव्हतं. संध्याकाळी तिथल्या मांडवामागून तुम्हाला फोन लावला. मी काय काय बोलले ते तुम्हाला आठवत असेलच. तुम्ही पत्रकार नाही, गुत्तेदाराचे भाट आहात, असं म्हणाले. तुमच्या स्कूटरवरचं ते अक्षर खरवडून टाका म्हणाले. तुम्ही मला पूर्ण बोलू दिलंत. मग म्हणालात, "म्याडम, तुमी आधी कवा गेलता का तिकडं?"

"मी कशाला जाईन? ते तुमचं काम आहे."

"मी गेलतो. पयल्यांदा गेलतो. तवा खरंच मशीन चालू हुतं. नंतर गुत्तेदार फोनवर सांगायचा." आणि मग, "फुल स्विंग मी लिवलं. पन त्यावर लोकांचा इस्वास बसला नसता. कामास गती तुमी लिवलं."

मी फोन बंद केला. चौदा वर्षांत तुम्ही माझ्यावर केलेला तो एकच आरोप होता आणि मला तो सहन झाला नाही. मी तुम्हाला एवढंच लिहून पाठवलं की उद्या हिवरखडीला जा, अप्पांकडे बसा, आणि जे दिसेल ते लिहा.

तुम्ही जाल असं मला वाटलं नव्हतं. तुम्ही गेलात. सकाळी गेलात ते दिवस मावळेपर्यंत तिथे बसलात, हे मला नंतर अप्पांकडून कळलं. नदीत उतरून खांबांपर्यंत गेलात, मशीन पाहिलंत, गावात जाऊन चार माणसांना विचारलंत. दुपारी अप्पांनी डब्यातली भाकरी दिली, ती खाल्लीत. दुसऱ्या दिवशी तुमची बातमी आली. ती मला तोंडपाठ आहे.

'हिवरखडी येथील पुलाचे काम दोन वर्षांपासून बंद आहे. नदीत दोन खांब उभे आहेत. यंत्र नादुरुस्त आहे. कामावर एकही मजूर नाही. गुत्तेदार फोन उचलत नाहीत. पावसाळ्यात गावाचा पलीकडे संपर्क राहत नाही. यापूर्वी या पुलाच्या कामाबाबत प्रसिद्ध झालेले वृत्त बरोबर नव्हते. पूल कधी होणार हे कोणीही सांगत नाही.'

आठ वाक्यं. मी ती तीनदा वाचली. माझ्या हातात लाल पेन होतं आणि एकही खूण करता आली नाही. सातवं वाक्य लिहायला तुम्हाला काय लागलं असेल, ते मला माहीत आहे, कारण ते मी कधी लिहिलेलं नाही.

बातमी घेऊन मी साहेबांकडे गेले. त्यांनी वाचली आणि उलटी करून टेबलावर ठेवली. म्हणाले, "चांगली आहे. पण दहा दिवसांवर आपल्या पेपरचा वर्धापनदिन आहे, आणि दीपप्रज्वलनाला हाच माणूस येतोय. झाल्यावर बघू." हा माणूस म्हणजे पुलाचा गुत्तेदार. मी म्हणायला हवं होतं की आत्ताच लावू. मी म्हटलं, "बरं साहेब." भांडले नाही. आवाजसुद्धा चढवला नाही. तुमच्यावर मांडवामागून ओरडणारी बाई ती मीच.

तुमचा फोन आला. "म्याडम, त्या बातमीचं काय झालं?"

"जागा नव्हती," मी म्हटलं. "जाहिराती फार आल्या."

दोन दिवसांनी परत विचारलंत. मी परत तेच सांगितलं. तिसऱ्यांदा तुम्ही विचारलं नाहीत.

वर्धापनदिनाला मला उत्कृष्ट उपसंपादक म्हणून शाल मिळाली. कुणाच्या हातून, ते तुम्ही पाहिलंत. तुम्ही पाचव्या रांगेत बसला होता आणि टाळ्या वाजवत होता. जेवणाच्या रांगेत माझ्या मागे उभे राहिलात. मला वाटलं, आता बोलाल. तुम्ही शालीकडे पाहिलंत आणि म्हणालात, "चांगली हाय. गरम हाय." तेवढंच. जिलबी घेतलीत, मठ्ठा घेतलात, आणि निघून गेलात. त्या वर्षी सीताफळं आली नाहीत.

महिनाभरानं तुमची बातमी आली, तालुक्यात वृक्षलागवड फुल स्विंगमध्ये सुरू. मी कापलं आणि 'जोमात' केलं. तुम्ही परत पहिल्यासारखे झालात, आणि खरं सांगू, मला सुटल्यासारखं वाटलं. तुमचा तिरस्कार करणं परत सोपं झालं. दीड वर्षं मी तो मन लावून केला. कचेरीत नव्या पोरींना तुमच्या बातम्या वाचून दाखवायची, हसवायची. अंत्यविधीची तयारी तर मी नकलेसकट सांगायची. तुम्ही तहसीलच्या पायऱ्यांवर छातीला हात लावून खाली बसलात त्या दिवशीसुद्धा सकाळी मी ती सांगितली होती.

दशक्रियेला मी आले. तुमच्या घरचे लोक मला ओळखत नव्हते. तुमच्या मिसेसनी विचारलं, "तुमी त्याच का, कापनाऱ्या म्याडम?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "लई नाव घ्यायचे तुमचं." काय नाव घ्यायचात ते मी विचारलं नाही.

नदीकाठी कीर्तन झालं आणि मग भाषणं. तुमच्या दशक्रियेला भाषणं होणार हे मला माहीत होतं, पण इतकी होतील असं वाटलं नव्हतं. ज्यांच्याबद्दल तुम्ही आयुष्यभर गोड लिहिलंत ते सगळे आले होते आणि प्रत्येक जण तुमच्या निर्भीडपणाबद्दल बोलत होता. ते ऐकताना मला माझ्याच सहाशे शब्दांची लाज वाटली, कारण त्यांच्यातल्या दोघांनी ते शब्द तसेच्या तसे उचलले होते. शेवटी गुत्तेदार उभा राहिला. काळा चष्मा काढला, डोळे पुसले आणि म्हणाला, "सुभाषराव आपल्यातून गेले. पण त्यांचं कार्य आपण सगळे मिळून फुल स्विंगमध्ये पुढं नेऊ."

कुणीही हसलं नाही. लोकांनी माना हलवल्या. मी पदर तोंडाला लावला. शेजारच्या बाईला वाटलं मी रडतेय, तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. थोड्या वेळानं मी खरोखरच रडत होते, ते का, ते तुम्हाला सांगणार नाही.

जेवणाच्या वेळी अप्पा दिसले. एका बाजूला बाभळीखाली उभे. एवढ्या लांबून, त्या वयात, एसटी बदलून आले होते. मी जवळ गेले. त्यांनी ओळखलं.

"तुम्ही कसे आलात, अप्पा?"

"यायला पायजे हुतं. माझ्याकडं दिसभर बसला हुता मानूस. भाकर खाल्ली माझ्याकडची." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "जाताना म्हनला, अप्पा, आता पेपरात खरं येनार. मी रोज बारा वाजता एसटीवर जायचो पेपर घ्यायला. म्हयनाभर गेलो. काय आलं न्हाई. मंग मी मनात त्याला लई शिव्या दिल्या. मेल्यावर वाटलं, जाऊन यावं."

त्यांच्या हातात पत्रावळ होती, अजून रिकामी. मी म्हटलं, "अप्पा, त्यांनी लिहिलं होतं. दुसऱ्याच दिवशी पाठवलं होतं. जसं होतं तसं लिहिलं होतं. छापलं नाही ते आम्ही." मग मला ते 'आम्ही' पण नको वाटलं. "मी छापलं नाही."

अप्पांनी आता माझ्याकडे पाहिलं. त्यांना राग आला की नाही ते मला चेहऱ्यावरून कळलं नाही. "कावून?" त्यांनी विचारलं.

माझ्याजवळ सांगण्यासारखं कारण नव्हतं. शाल मिळणार होती, हे कसं सांगू. अप्पांनी पत्रावळ बाजूच्या माणसाच्या हातात दिली, चपला घातल्या आणि न जेवता, तुमच्या मंडपाकडे वळून एकदा हात जोडून, स्टँडच्या दिशेनं चालू लागले.

मी घरी न जाता जीप करून हिवरखडीला गेले. खांब अजून दोनच आहेत. मशीन कुणीतरी नेलं. बाकी सगळं तसंच.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या पानावर तुमच्या दशक्रियेची बातमी लावायची होती. पुढाऱ्यांच्या नावांची यादीच अर्ध्या पानाची होती. मी ती यादी काढून टाकली आणि त्या जागी तुमची आठ वाक्यं लावली, तुमच्या नावानं. खाली माझं नाव घालून लिहिलं की ही बातमी आमच्या प्रतिनिधींनी दीड वर्षापूर्वी पाठवली होती, ती मी छापली नाही, आणि काल मी स्वतः पाहिलं, परिस्थिती तशीच आहे. पान मशीनवर जाईपर्यंत कुणाला दाखवलं नाही.

साहेबांनी सकाळी अकरा वाजता बोलावलं. ओरडले नाहीत. म्हणाले, "तुम्ही आता थोडे दिवस रविवारची पुरवणी बघा." म्हणजे राशिभविष्य, पाककृती आणि शब्दकोडं. शब्दकोडं मला आवडतं. गुत्तेदाराच्या माणसाचा फोन आला होता, तो साहेबांनी घेतला. आष्टीच्या पानावर आता माझ्या हाताखालची एक मुलगी बसते. तिला मी सांगितलंय, कापण्याआधी प्रतिनिधीला एकदा विचार की तू तिथे गेला होतास का.

तुमच्याबद्दलचं माझं मत फार बदललेलं नाही, सुभाषराव. चौदा वर्षांत तुम्ही एक दिवस पत्रकार होता. बाकीचे सगळे दिवस तुम्ही जे होता ते मी लिहिलंच आहे. फरक एवढाच की माझ्या हिशेबात तो एक दिवससुद्धा भरत नाही. तो मी तुमचा उसना घेतला, तोही तुम्ही गेल्यावर.

काल दुपारी कचेरीत फोन आला. ऑपरेटर म्हणाली, हिवरखडीहून कुणी अप्पा आहेत, तुम्हालाच मागतायत.

"पेपर आला," अप्पा म्हणाले. "वाचला."

"हं."

"त्यानं बराबर लिवलंय. समदं जसं हाय तसं." मागे शटरचा आवाज येत होता, वाऱ्यानं हलत असावं. "पन म्याडम, कवा चालू व्हनार त्ये न्हाई लिवलं तुमी."

मी म्हटलं, "मला माहीत नाही, अप्पा."

फोन कट झाला की काय म्हणून मी दोनदा हॅलो म्हटलं.

"हाय, हाय," अप्पा म्हणाले. "म्हाईत न्हाई म्हनाला पेपरवाला, आसं पयल्यांदा ऐकलं, म्हनून थांबलो." मग त्यांनी कुणाला तरी सांगितलं, साखर आतल्या पोत्यात हाय, थांब, देतो, आणि फोन ठेवून दिला.